पैसे परत आले, तांदळाचं काय?

रत्नागिरीत घरपोच सामानाची सोय सुपरमार्केटने आणली, असं कुणी म्हणालं तर राम आळीतल्या जुन्या दुकानदारांना हसू येईल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याकडे यादी टाकायची आणि संध्याकाळपर्यंत दुकानातल्या पोऱ्याने डोक्यावरून किंवा सायकलला बांधून सामान आणून द्यायचं, हे इथे दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पोचवण्याचा वेगळा आकार नसे. तो गुळाच्या किंवा तेलाच्या भावात कुठेतरी मुरलेला असे. यादीत नुसतं ‘तूरडाळ’ लिहिलेलं असलं तरी कुठली, हे दुकानदाराला ठाऊक असे. डाळ शिजली नाही तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन चार माणसांदेखत “कसली डाळ दिलीत हो?” असं विचारता येई, आणि त्या चार माणसांमुळेच दुकानदाराला काहीतरी उत्तर द्यावं लागे.

त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. तो पोऱ्या अनेकदा बारा-तेरा वर्षांचा असे आणि शाळेत असायच्या वेळी आमच्या पायऱ्या चढत असे. ज्याच्या नावावर वहीत उधारी साचलेली, त्याचा आवाज दुकानात आपोआप खाली येई. खडे निघाले तरी तो निमूट निवडून घेई. भाव काय लावला ते महिनाअखेरीला कळे. सुपरमार्केट आलं तेव्हा छापील बिल आलं, पाकिटावरची किंमत वाचता आली, फळीवरची वस्तू स्वतः हाताळून घेता आली. दुकानदाराच्या नजरेतल्या प्रतवारीप्रमाणे काउंटरवर ताटकळत राहायचं बंद झालं. बायकांना तर हे फार मोठं सुख होतं. ते मी विसरत नाही.

पण तेच सुपरमार्केट जेव्हा सामान घरी पोचवू लागलं, तेव्हा जुन्या वाण्याकडची एक गोष्ट नव्या व्यवहारातून गायब झाली. विचारल्यावर उत्तर देणारं माणूस.

गेल्या काही वर्षांतला एक गणपतीच्या आधीचा आठवडा. आमच्या यादीत पाच किलो उकडा तांदूळ होता. सकाळच्या पेजेला तोच लागतो, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. आला तो इडलीचा तांदूळ. दोन्ही उकडेच, दुकानाच्या संगणकात एकाच खणातले, म्हणून एक संपल्यावर दुसरा आपोआप घातला गेला. दोन किलो म्हणून घेतलेले कांदे घरच्या काट्यावर पावणेदोन भरले. एका पिशवीत रवा आणि फिनाईलची बाटली शेजारी-शेजारी, बाटलीचं झाकण सैल. दारात उभ्या पोराच्या रेनकोटातून पाणी गळत होतं. त्याला तांदूळ दाखवला तर म्हणाला, “काकू, माझ्याकडे नुसत्या पिशव्या मोजून देतात. आत काय ते मला नाय माहीत. अॅपवर टाका.”

तो खरं बोलत होता. अॅपवर टाकायला गेले तर पर्याय होते: वस्तू आली नाही, वस्तू खराब, पाकीट फुटलेलं, मुदत संपलेली. ‘मागवलं एक, आलं दुसरं’ हा पर्यायच नव्हता, कारण दुकानाच्या लेखी तो बदल होता, चूक नव्हती. फोटो मागितला. इडलीच्या तांदळाचा फोटो काढून तो पेजेचा नाही हे दाखवायचं कसं? शेवटी ‘खराब’वर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी पैसे परत आले आणि तुमची तक्रार सोडवली आहे असा निरोप आला, वर ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ अशी विचारणा. पेजेचा तांदूळ मात्र भर पावसात बाजारात जाऊन आणावा लागला.

पैसे परत मिळाले की ग्राहकाने गप्प बसावं, असा एक समज या धंद्यात पक्का झाला आहे आणि माझा सगळा राग त्या समजावर आहे. पैसे परत करणं हे दुकानाला परवडणारं सर्वांत स्वस्त उत्तर आहे. फोन उचलायला माणूस ठेवायचा तर पगार द्यावा लागतो. योग्य वस्तू पुन्हा पाठवायची तर दुसरी खेप पडते. दोनशे-अडीचशे रुपये खात्यात ढकलले की हे दोन्ही खर्च वाचतात, आणि वर हिशेबात ‘तक्रार निकाली’ अशी नोंदही होते. काही ठिकाणी तर ते पैसे बँकेत न जाता अॅपमधल्या पाकिटातच जमा होतात; म्हणजे ज्याने चुकीचं सामान दिलं, त्याच्याकडूनच पुन्हा घ्या. दरम्यान ग्राहकाने पिशव्या तपासल्या, कांदे तोलले, फोटो काढले, यंत्राशी चॅट केली आणि तो परत बाजारातही गेला. पूर्वी दुकानातल्या नोकराने करायची ही कारकुनी आता ग्राहक करतो, आणि तीही फुकट.

वस्तू वेळेवर न मिळण्यालाही काही किंमत असते, हे आपल्या व्यवस्थेला समजतच नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये एक नियम केला. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना ते खात्यातून गेले, पण दुकानदाराकडे पोचल्याची खूण झाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न बघता. बँकेला उशिराचा दंड आहे. ‘सकाळी ९ ते दुपारी १’ असं सांगून संध्याकाळी उगवणाऱ्या, किंवा न उगवताच ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ अशी नोंद करून मोकळं होणाऱ्या दुकानाला कसलाच नाही.

कायदा जुनाच आहे आणि चांगला आहे, फक्त तो कुणी काढून वाचत नाही. १९३० चा मालविक्री कायदा सांगतो, की आधी न पाहिलेला माल घरी आला तर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असं धरता येत नाही. वजनात कमी भरला किंवा ठरलेल्या मालात भलताच मिसळून आला, तर तो नाकारता येतो. आणि माझं आवडतं कलम: नाकारलेला माल दुकानदाराकडे परत नेऊन देण्याची जबाबदारी ग्राहकावर नाही, ‘मी हा घेत नाही’ एवढं कळवलं की पुरे. इंग्रजांच्या काळात लिहिलेल्या या कलमांत आजच्या घरपोच सेवेचं अर्धं उत्तर आहे. विक्री दुकानात बटण दाबल्यावर होत नाही, ती आमच्या पडवीत, पिशवी उघडल्यावर पुरी होते. पण पोराला पुढच्या खेपेची घाई असते, ओटीपी आधी मागितला जातो, आणि तो सांगितला की अॅपच्या हिशेबी माल पोचला. तपासायची संधी मिळायच्या आत स्वीकार झालेला असतो.

वजनाचंही तसंच. बाजारात तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, काटा आपल्या डोळ्यांदेखत स्थिरावतो, आणि भाजीवाली वर दोन मिरच्या टाकते. घरपोच सेवेत तो काटा आपल्या नजरेआड, कुठल्याशा गोदामात गेला. छापील पाकिटाचं वजन निदान कायद्याने बांधलेलं आहे. सुट्या भाजीचं, फळांचं काय? अॅपवर ‘अंदाजे’ असा शब्द असतो. अंदाज नेहमी एकाच बाजूला झुकतो, हे घरात वजनकाटा असलेल्या कुणालाही विचारा. पोराच्या गाडीवर एक लटकता काटा द्यायला असा किती खर्च येणार आहे?

रत्नागिरीचे म्हणून काही वेगळे प्रश्न आहेत, आणि ते ही सेवा जिथे आखली जाते तिथल्या लोकांना बहुधा माहीतच नसतात. इथला माल एकतर मुंबईकडून महामार्गाने येतो, नाहीतर कोल्हापुराहून आंबा घाटाने. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ पासून मुहूर्त लागलेला आहे, त्याबद्दल नव्याने काही लिहायला नको. पावसाळ्यात एखाद्या घाटात दरड आली की दोन दिवस गाड्या अडकतात, पण अॅपवर ‘उपलब्ध’ तसंच हिरवं दिसत राहतं. म्हणून महानगरात जो बदल क्वचित होत असेल, तो इथे वारंवार. पत्त्याचं तर विचारूच नका. ४१५६१२ या एका पिनकोडात किती वाड्या, किती पाखाड्या आणि किती एकाच आडनावाची घरं! नकाशावरची निळी रेघ पाखाडीच्या तोंडाशी संपते, तिथून पुढे जांभ्याच्या पायऱ्या आणि दोन्हीकडे गडगे. “काका, मी मारुती मंदिराकडे आहे, आता कुठे येऊ?” या फोनने सुरू झालेलं संभाषण कधी कधी वस्तूंच्या यादीपेक्षा लांबतं. पाऊस कोसळत असताना वीज गेली, टॉवर बसला, तर ओटीपी येत नाही आणि दारात आलेलं सामान परत जातं. मुंबई-पुण्यातल्या काही अॅपवर पाऊस पडला की वेगळं शुल्क लागतं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हे आलं, तर चार महिने आम्ही ते भाड्यासारखं भरायचं.

याहून खोलवरचा एक प्रश्न आहे, तो म्हणजे इथला ग्राहक नक्की कोण. कोकणातली घरं एके काळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. आता मुलगा पुण्यात, मुलगी दुबईत किंवा कॅलिफोर्नियात, आणि घरी सत्तरीपुढचे आई-वडील. पैशांऐवजी मुलं सामानच पाठवतात: तिकडे बसून यादी करतात, तिकडून पैसे भरतात, इथे पिशव्या उतरतात. मुलांची काळजी खरी आहे आणि या सेवेने अनेक म्हाताऱ्या माणसांची पायपीट वाचवली आहे. पण अॅपच्या दृष्टीने गिऱ्हाईक पुण्यात आहे. ओटीपी त्याच्या फोनवर जातो, ‘बदल चालेल का?’ ही विचारणा त्याच्या मीटिंगच्या मधे येते, आणि तो घाईत ‘हो’ दाबतो. मधुमेही वडिलांसाठी मागवलेल्या बिनसाखरेच्या बिस्किटांच्या जागी साधी येतात. आईला ते दिसतं, पण तक्रारीचं बटण तिच्या फोनवर नाही. मुलाला सांगायचं तर त्याला उगाच त्रास, म्हणून ती सांगतही नाही. माल घेणारा, पैसे भरणारा आणि खाणारा अशी तीन माणसं झाली, की दुकान तिघांपैकी कुणालाच उत्तर देणं लागत नाही.

यावर दुकानवाल्यांची बाजू मला माहीत आहे, आणि ती खोटी नाही. किराण्यात नफा थोडा. पाचशे रुपयांच्या सामानावर जे सुटतं, त्यात पेट्रोल, पिशव्या, पोराचा पगार बसवायचा कसा? अमेरिकेत वेबव्हॅन नावाच्या कंपनीने १९९६ साली हाच घाट घातला होता. अर्ध्या तासाच्या ठरलेल्या वेळेत किराणा घरी. त्यांनी प्रचंड यांत्रिक गोदामं उभारली आणि २००१ च्या जुलैत कंपनीचं दिवाळं निघालं. शेवटचा टप्पा महाग असतो, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मग तो खर्च सरळ सांगा! चाळीस रुपये लागतात तर चाळीस लावा, आम्ही देऊ किंवा दुकानात येऊ. पण ‘मोफत’ म्हणायचं, मग हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरचं शुल्क, पिशवीचे पैसे असे तुकडे शेवटच्या पानावर जोडायचे, ही लबाडी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं आणि न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं या दोन्ही त्यांत आहेत. तरी अमुक एका संस्थेला देणगी म्हणून आधीच खूण केलेला चौकोन अजून कुठे कुठे दिसतोच.

आणि उरलेला खर्च कमी करायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे तो दारातला पोरगा. बहुतेकांना खेपेमागे पैसे. चूक पिशवी भरणाऱ्याची, तारा कापला जातो याचा. आपण चिडून एक तारा दिला की आपल्याला वाटतं दुकानाला धडा शिकवला. प्रत्यक्षात शिरगाव-मिरजोळ्याच्या कुणा पोराच्या हप्त्यातून तो कापला जातो. म्हणून मी तारे देणं बंद केलं आहे. अशा कामगारांना कायद्यात जागा मिळाली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, आणि ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं.

नजरेआड गेलेल्या गोदामात काय चालतं, याची झलक मुंबईने पाहिली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या झेप्टोच्या गोदामाचा अन्न परवाना निलंबित केला. तपासणीत काही खाद्यपदार्थांवर बुरशी आढळली होती. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं, की माल पोचताना त्याच्या मुदतीतले किमान तीस टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. दुकानात आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून मागची पिशवी ओढतो. घरपोच सेवेत पुढची पिशवी कुणाच्या तरी घरी जातेच, आणि ती बहुधा अशाच्या घरी जाते जो बघायला समोर नसतो.

महाराष्ट्राला याहून वेगळी वाट माहीत नव्हती असं नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली, बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने. त्यात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पंचायतीने सभासद कुटुंबांचे वस्तीवार संघ केले. महिन्याची यादी आधी भरायची, पंचायतीने घाऊक खरेदी करायची, ठरलेल्या दिवशी संघातल्या एका घरी माल उतरायचा आणि सभासदांनी, बहुतेक बायकांनी, तो मोजून वाटून घ्यायचा. घरपोच नाही, पण घराजवळपोच! त्यात वेग नव्हता. महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला. पण माल उतरताना मोजणारे दहा हात होते, आणि डाळ वाईट निघाली तर ती निवडणारे लोकही आपलेच, त्यामुळे पुढच्या महिन्यात प्रश्न विचारता येई. वेळ घालावा लागे, हे खरं. आजच्या नोकरदार घरांना ते जमेल असं मी म्हणणार नाही. पण मोजणं आणि विचारणं या दोन गोष्टी व्यवहारात कुठे बसवायच्या, ते तिथे बघून शिकण्यासारखं आहे.

रत्नागिरीला दहा मिनिटांत कोथिंबीर नको आहे. कोथिंबिरीसाठी बाजार आहे, शेजारीण आहे. इथे हवी आहे ती आठवड्यातून एक-दोनदा, ठरलेल्या वारी येणारी, न चुकणारी सेवा. हे अशक्य नाही हे आम्हीच दाखवलं आहे: मे २०२० च्या टाळेबंदीत एसटीने मालवाहतूक सुरू केली ती रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या मुंबईला नेऊन, आणि त्या उन्हाळ्यात बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पेट्या थेट पोचवल्या. पेटीत डागी आंबा निघाला तर गिऱ्हाईक बागायतदाराला फोन करत होतं, आणि तो उचलत होता.

म्हणून मागणी फार मोठी नाही. रत्नागिरीतल्याच दुकानात वाजणारा एक फोन, बिलावर छापलेला. बदल करायच्या आधी ज्याच्या घरी माल जाणार त्या घराला विचारणा, आणि उत्तर नाही आलं तर बदल नाही. ओटीपी पिशव्या उघडून पाहिल्यावर. चुकीची वस्तू दारातूनच परत, ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत बदललेली वस्तू ड्रायव्हरच्या हाती परत देता येते तशी. आणि आपली चूक असेल तर नुसते पैसे परत नकोत, योग्य वस्तू पुन्हा पोचवायची.

हे दुकानं आपण होऊन करणार नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. महिन्याभरात! चतुर्थीचं सामान अनंत चतुर्दशीनंतरही आलं तरी नियम पाळला गेला. जिल्हा ग्राहक आयोगात आता राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही, पण पाव किलो कांद्यासाठी तिथे कोण जाईल? नुकसान इतकं बारीक ठेवायचं की कुणी भांडू नये, यावरच तर हा सगळा डोलारा उभा आहे. एकेकट्याने भांडून हे सुटणारं नाही, ते एकत्र मांडावं लागेल.

त्याला जागा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक संरक्षण परिषद असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि वर्षातून निदान दोन बैठका घ्याव्याच लागतात. घरी आलेलं सामान तोलून पाहा, चुकलेल्या मालाची तारीख, वस्तू आणि वजन वहीत लिहून ठेवा, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा, आणि शेजारच्या चार घरांच्या नोंदी जोडून तो कागद जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, त्या दिवशी भाषणं होतातच. यंदा ती करणाऱ्यांच्या टेबलावर या नोंदी असू द्या.